तीन वेळा पुकारलं होतं, साहेब!

…आणि वर मलाच विचारतात! मला! "पुकारा नीट झाला होता का?" अहो, झाला होता! तीन वेळा पुकारलं! नियमाप्रमाणे! आता तुम्ही म्हणाल, हा माणूस आल्या आल्या एवढा ओरडतोय का, तर सवयच ती, काय करणार, कोर्टात पुकारा करायची नोकरी आहे माझी. दाराशी उभं राहायचं, न्यायाधीशसाहेबांनी दावा हातात घेतला की ज्याचा दावा त्याच्या नावानं बोंब ठोकायची, "हजर आहेत काऽऽऽ?" की तो माणूस व्हरांड्यातून धडपडत येतो, पिशवी एकीकडे, चप्पल एकीकडे. नाहीच आला तर दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा, आणि मग आत वळून सांगायचं, "गैरहजर, साहेब." संपलं! एवढंच काम. यात चुकण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा? लहान मूल चुकणार नाही यात.

मी चुकलो. म्हणजे पुकारलं तीन वेळाच, पण चुकलो.

थांबा, नीट सांगतो. आधी आवाजाचं सांगतो, कारण सगळा माज त्याचाच. माझा आवाज म्हणजे… आई सांगायची, हा जन्मला तेव्हा पहिल्या टाहोला सुईणीच्या हातातलं पातेलं पडलं. शाळेत घंटा बिघडली की मला बाहेर उभं करायचे. आणि कोर्टात लागलो तेव्हा जुने साहेब म्हणाले होते, "याला दाराशी ठेवा, लाउडस्पीकरचं बिल वाचेल." तेव्हापासून दाराशी आहे. पण तुम्हाला एक आतली गोष्ट सांगू का? इतकी वर्षं ओरडून ओरडून ना, माणूस बाहेर तोंड करून ओरडायचं विसरतो. मी उंबऱ्यावर उभा राहतो, एक पाय आत, एक पाय बाहेर, आणि तोंड कुठे? तोंड साहेबांकडे! म्हणजे साहेबांना ऐकू गेलं पाहिजे की मी पुकारतोय. ज्याला पुकारतोय त्याला गेलं तर उत्तम, नाही गेलं तर… तीन वेळा पुकारलं ना! मग झालं तर!

हे असं चाललं होतं छान. कोणाच्या बापाला पत्ता नव्हता. आणि मग आला तो सप्ताह.

"जनविश्वास सप्ताह!" लोकांचा कोर्टांवरचा विश्वास वाढवायचा, एका आठवड्यात! आमचे अधीक्षक, तुम्हाला सांगतो, माणूस वाईट नाही, पण प्रत्येक वाक्याच्या आधी "काय आहे ना" लावतात. आम्हा सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणाले, "काय आहे ना, वरून पाहुणे येणार आहेत. काय आहे ना, न्यायव्यवस्था भक्कम करायची आहे." मला वाटलं आता साहेब वाढवणार, खोल्या वाढवणार, निदान व्हरांड्यातला पंखा तरी फिरवणार. तर दुसऱ्या दिवशी खाली जिन्याशी एक पेटी आली! उभी पेटी, छातीएवढी उंच, आणि तिच्यावर तीन तोंडं. एक हिरवं हसरं, एक पिवळं ना हसरं ना रडकं, सरकारी म्हणतात ना तसलं, आणि एक लाल, रडकं. कोर्टावर विश्वास आहे? हिरवं दाबा. नाही? लाल दाबा. आणि दाबलं की पेटीतून आधी पिपाणी वाजायची आणि मग एक बाई गोड आवाजात म्हणायची, "धन्यवाद! आपला विश्वास हीच आमची ताकद!" दिवसभर! वरच्या मजल्यावर ऐकू यायचं! घटस्फोटाच्या दाव्यात नवराबायको एकमेकांच्या अंगावर धावतायत आणि खालून, "आपला विश्वास हीच आमची ताकद!"

अधीक्षकांनी पेटी चारही बाजूंनी पाहिली, मान हलवली आणि एक भलीमोठी झाडाची कुंडी उचलून आणवली, ती नेमकी लाल तोंडापुढे ठेवली. म्हणाले, "काय आहे ना, शोभा येते." मग माझ्याकडे वळले. "काय आहे ना, तुझा आवाज चांगला आहे. व्हरांड्यात बसलेल्या लोकांना खाली पाठव. बसूनच असतात ना ते?"

हो, बसूनच असतात! मला पटलं, तुम्हाला सांगतो, मला इतकं पटलं की मी लागलोच कामाला. "चला मंडळी, खाली जा, हसरं तोंड दाबून या, नंबर लागायला वेळ आहे!" अर्धा व्हरांडा रिकामा केला! आजोबा पाठवले, काठीसकट! एकजण म्हणाला, "मी साक्षीदार आहे, माझा काय संबंध?" म्हटलं, "विश्वास आहे ना? मग जा!"

आणि त्यातच शिलाईवाल्या ताईंना पाठवलं.

आता या ताई कोण, तर भाड्याच्या एका खोलीत यांचा शिलाईचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, चार मशिनं, दोन हाताखालच्या बायका, एक इस्त्री. जागामालकाला ती खोली रिकामी हवी, यांचं म्हणणं मी भाडं वेळेवर देते, मला का काढता? आमच्या कोर्टानं मालकाला मनाई केली होती, दावा चालू आहे तोवर खोलीला हात लावायचा नाही. त्या मनाईवर ती चार मशिनं चालत होती, दुसरा आधार नाही. म्हणून ताई एक तारीख चुकवायच्या नाहीत. खिडकीखालच्या बाकावर बसायच्या, पिशवीतून कोणाचा तरी सदरा काढायच्या आणि काजं करत राहायच्या. एकदा माझ्या कोटाचं बटण लोंबत होतं. त्यांनी मला हाक मारली, "दादा, इकडे या जरा." मी गेलो तर उभ्या उभ्या लावून दिलं, दात लावून दोरा तोडला, आणि परत काजं करायला लागल्या. हे बघा, हेच ते, वरून दुसरं. बाकीची सगळी गेली, हे हलत नाही.

तर त्या दिवशी ताईंनी विचारलं, "दादा, माझा नंबर कधी?" मी यादी न बघता, अहो यादी बघायची काय गरज, इतक्या वर्षांचा अंदाज आहे! मी म्हटलं, "जेवणाच्या सुट्टीनंतर, ताई. निवांत. तोवर खाली जाऊन ते हसरं तोंड दाबून या." त्या म्हणाल्या, "कशासाठी?" म्हटलं, "कोर्टावर विश्वास आहे म्हणून." तर हसल्या. म्हणाल्या, "आहे की. नसता तर इथे कशाला बसले असते?" पण उठल्या. सदरा घडी करून पिशवीत ठेवला आणि गेल्या. मी सांगितलं म्हणून गेल्या हो!

आणि वर पाहुणे आले!

पहिल्या रांगेत येऊन बसले, कडक इस्त्रीचे, मांडीवर वह्या. आमचे साहेब एरवी शांत माणूस, सगळ्यांचं ऐकून घेणारे, पण पाहुणे बघून त्यांनाही वाटलं असेल, जरा चपळाई दाखवावी. झालं! दावे असे सुटले, असे सुटले… पहिला, वकील आजारी, पुढची तारीख! दुसरा, तडजोड, संपला! तिसरा, चौथा, मी नुसता ओरडतोय, श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि पाहुणे खूश होऊन वहीत लिहितायत. आणि साहेबांनी पुढचा दावा उचलला. ताईंचा! जेवणाच्या सुट्टीला अजून केवढा अवकाश!

त्यांचे वकील? वकील दुसऱ्या कोर्टात, उलटतपासणीत गुंतलेले. समोरचे वकील मात्र तय्यार, कोटाच्या बाह्या ओढून उभे.

आणि मला माहीत आहे ताई कुठे आहेत. तुम्हाला सांगतो, मला माहीत होतं! दोन जिने खाली, मीच लावलेल्या रांगेत! एक वाक्य बोलायचं होतं, "साहेब, मिनिटभर थांबा, त्या खाली आहेत." एवढंच! पण मग साहेब विचारणार, "खाली कशाला?" आणि मी काय सांगणार, पाहुण्यांसमोर? विश्वास दाबायला गेल्यात? मीच धाडलंय? अधीक्षक कोपऱ्यातून माझ्याकडे बघतायत, डोळ्यांनीच "काय आहे ना" म्हणतायत… आणि जिभेला जे येतं तेच ती बोलली. पुकारलं! एकदा. साहेबांकडे तोंड करून. पुकारलं! दोनदा. आणि तेवढ्यात, खालून, जिन्यातून, पिपाणी! "धन्यवाद! आपला विश्वास हीच आमची ताकद!"

तरी तिसऱ्यांदा पुकारलं. एका दमात तीन वेळा पुकारलं, नियमाप्रमाणे! आणि साहेबांनी विचारलं, "पुकारा झाला?" मी म्हटलं, "झाला, साहेब. गैरहजर." समोरचे वकील लगेच, "साहेब, वादींना रसच दिसत नाही!" आणि साहेबांनी लिहिलं, वादी गैरहजर, दावा काढून टाकला. पाहुण्यांनीही वहीत काहीतरी लिहिलं, बहुधा "जलद" असं लिहिलं असेल.

ताई आल्या थोड्या वेळानं. जिना चढून दम लागलेला, पण चेहरा खुललेला. "दाबलं बरं का, दादा! रांग होती केवढी! दोनदा दाबलं, एक माझं आणि एक तुमच्या नावचं. म्हटलं आपले दादा एवढे उन्हातान्हात, थंडीवाऱ्यात उभे असतात दाराशी…" आणि मग बाकावर बसून, पिशवीतून सदरा काढत, "नंबर आला नाही ना अजून?"

काय सांगू तुम्हाला! ज्या माणसाचा आवाज रस्त्यापलीकडच्या पानवाल्याला ऐकू जातो, त्या माणसाच्या तोंडातून शब्द फुटेना. शेवटी समोरच्या वकिलांनीच जाता जाता सांगितलं, हसत, "बाई, तुमचा दावा गेला. तुम्ही नव्हतात ना!" ताईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. नुसतं पाहिलं हो. दोन शिव्या घातल्या असत्या तर मी जेवलो तरी असतो त्या दिवशी.

आता दावा गेला म्हणजे मनाई गेली, आणि मनाई गेली म्हणजे मालक कशाला थांबतोय? संध्याकाळी सुटल्यावर मी मुद्दाम त्या रस्त्यानं गेलो. कशाला गेलो कोण जाणे. खोलीला नवं कोरं कुलूप. चारही मशिनं फुटपाथवर, वर एक चादर टाकलेली, आणि ताई इस्त्री मांडीवर घेऊन स्टुलावर बसलेल्या. त्या दोघी बायका बाजूला उभ्या. मी काय केलं असेल? जाऊन काही बोललो असेन? रस्ता ओलांडला! पलीकडच्या बाजूनं, मान खाली घालून, तरातरा निघून गेलो. एवढा देह, लपवायचा तरी कुठे!

घरी आलो तर बायको विचारते, "काय झालं?" सांगितलं सगळं. वाटलं, ही तरी म्हणेल, जाऊ द्या, तुमची काय चूक. मी म्हटलं, "अगं, तीन वेळा पुकारलं मी!" तर म्हणते कशी, "घरात तरी काय वेगळं करता? 'पाणी आण' म्हणून तीन हाका मारता, मी अंघोळीला गेलेली असते, आणि मग म्हणता, मी हाक मारली होती. उठून बघता का कधी, माणूस आहे कुठे?" मी उठलो आणि आपलं आपण पाणी घेतलं.

दुसऱ्याच दिवशी ताईंच्या वकिलांनी तातडीचा अर्ज टाकला, दावा पुन्हा चालवायला घ्या, बाई इमारतीतच होत्या. समोरचे वकील म्हणाले, इमारतीत होत्या तर आल्या का नाहीत? पुकारा करणाऱ्यालाच बोलवा साक्षीला! घ्या! म्हणजे आता मी पिंजऱ्यात. आणि मला पुकारणार कोण? शेजारच्या कोर्टातला तो किडकिडीत, ज्याचा आवाज म्हणजे केटलीच्या झाकणातून वाफ निघावी तसा! त्यानं माझं नाव पुकारलं. मी समोरच्याच बाकावर बसलो होतो, चार हातांवर. आणि तुम्हाला खरं सांगतो, उठवेना. त्यानं पुन्हा पुकारलं. आणि काय केलं माहीत आहे त्यानं? तोंड बाहेर काढून व्हरांड्यात दोन्हीकडे बघितलं, आत वाकून बघितलं, मी दिसलो, तर जवळ आला आणि हळूच म्हणाला, "दादा, तुमचं नाव आहे." तिसऱ्यांदा पुकारायची वेळच येऊ दिली नाही त्यानं. त्याच्या त्या वाफेच्या आवाजात काम झालं हो!

उभा राहिलो. समोरच्या वकिलांनी सुरुवात केली, "तुम्ही पुकारलं होतं?" "हो." "तीन वेळा?" "हो." "मोठ्यानं?" "हो." "बस्स, साहेब, आणखी काही विचारायचं नाही!" आणि बघा, सगळं खरं होतं! एक शब्द खोटा नव्हता! मी खाली उतरू शकत होतो, नोकरी सलामत, अधीक्षक खूश, खाली पेटी वाजतेय. ताई तिकडे कोपऱ्यात, हातात आज सदराबिदरा काही नाही, नुसते हात मांडीवर. काम कुठलं राहिलं होतं हातात धरायला? मी उतरायला पाय उचलला आणि साहेब म्हणाले, "थांबा. बाई तेव्हा कुठे होत्या, तुम्हाला माहीत होतं का?"

मी काहीतरी बोललो. साहेब म्हणाले, "मोठ्यानं बोला." मला! आख्ख्या जन्मात मला कोणी म्हटलं नव्हतं, मोठ्यानं बोला! त्या दिवशी म्हणाले, एकदा नाही, दोनदा म्हणाले. म्हटलं, "माहीत होतं, साहेब. मीच पाठवलं होतं." "कुठे?" "खाली." "कशाला?" "हसरं तोंड… दाबायला." मागे कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले, वकील हसले, शिपाई हसले, तो किडकिडीतसुद्धा हसला. मला वाटलं, जमीन दुभंगावी. साहेब मात्र हसले नाहीत. चष्मा काढला, पुसत राहिले, आणि मग माझ्यापेक्षाही हळू म्हणाले, "मीही जरा थांबायला हवं होतं त्या दिवशी." हे मला ऐकू आलं, बाकी कोणाला आलं की नाही माहीत नाही. दावा पुन्हा चालवायला घेतला. मनाई परत दिली. मालकाला कुलूप काढायला लावलं.

तुम्ही म्हणाल, मग गोड झालं की सगळं! कुठलं गोड? चारातल्या एका मशिनचं चाक फुटपाथवर कोणीतरी ढकलल्यानं मोडलं, हाताखालची एक बाई दुसरीकडे कामाला लागली, गिऱ्हाइकं पांगली. आणि ताई बाहेर येऊन मला काय म्हणाल्या? "बोललात, दादा, बरं झालं." बरं झालं म्हणे! मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तडक खाली गेलो. ती कुंडी, दोन्ही हातांनी धरून सरकवली, कमरेत कळ आली, आणि लाल तोंड दाबलं. अंगठ्यानं, चांगलं खोलवर. मागे वळलो तर जिन्यात ताई, घरी निघालेल्या, पिशवी खांद्याला, बघतायत. आणि पेटी काय म्हणाली असेल? रडक्या तोंडाला काही वेगळं बोलेल, निदान "बघतो" तरी म्हणेल? छे! "धन्यवाद! आपला विश्वास हीच आमची ताकद!"

आणि आज ऐका! तो सप्ताह संपला, आकडे आले, सगळी हिरवी आणि एक लाल! अधीक्षक घामाघूम. "काय आहे ना, एवढ्या विश्वासात हा एक कोण? वरून विचारतायत, त्याची काय तक्रार आहे, त्याला भेटायचंय, त्याचं समाधान करायचंय! बोलव त्याला!" म्हटलं, "कसा बोलवू?" म्हणाले, "काय आहे ना, पुकार की! तुझा आवाज कशासाठी आहे?"

गेलो व्हरांड्यात. या वेळी तोंड बाहेर करून, अगदी खिडकीपर्यंत गेलो. ताई बसल्या होत्या त्यांच्या बाकावर, आज तारीख होती त्यांची, काजं करत. पुकारलं, "लाल बटण दाबणारे इसम हजर आहेत काऽऽऽ?" कोण हलतंय! दुसऱ्यांदा पुकारलं. लोक एकमेकांकडे बघतायत. तिसऱ्यांदा पुकारलं, पण आवाज जरा फाटला. ताईंनी मान वर केली. त्यांनी पाहिलं होतं ना मला, कुंडीसकट! एक शब्द बोलल्या असत्या तर संपलो असतो मी. त्यांनी दात लावून दोरा तोडला, माझ्या कोटाच्या त्या बटणाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "इथे नाहीत हो, दादा. खाली पाठवलं असेल त्यांना कोणीतरी."

काय करणार… आत अधीक्षकांकडे गेलो. मान खाली घातली. म्हटलं, "तीन वेळा पुकारलं, साहेब. गैरहजर."